आडनावाचा रकाना

सकाळचा चहा आला की भाऊ खुर्ची भिंतीला टेकवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "हं, आते जगनी बातमी सांगा." जगाची म्हणजे कॉम्प्युटरच्या जगाची. निवडणुका, क्रिकेट, सोन्याचा भाव यांना चहाच्या वेळी मज्जाव होता. ज्याची पाळी असेल त्याने मोबाइलवर एखादी बातमी शोधायची, मोठ्याने वाचायची आणि मग तीच अहिराणीत सांगायची. सांगता आली तर भाऊ तिच्यावर आपलं मत देत. नाही आली, तर हात झटकून म्हणत, "काहीच नही शे त्याम्हा. पुढली सांगा."

माझी पंचाईत अशी की मला अहिराणी येत नव्हती. मी रावेरकडची, केळीच्या बागांमधली. आमची बोली निराळी. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या वाट्याला बातमी आली : एका बड्या परदेशी कंपनीने ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षिततेबाबत आपली बांधिलकी पुन्हा अधोरेखित केली आहे. मी घाम पुसत "भाऊ, ते लोक असं सांगून राह्यले की..." असं सुरू केलं आणि अख्खं ऑफिस हसायला लागलं. शेवटी माझ्या शेजारी बसणाऱ्या इरफानने माझी सुटका केली. तो धुळ्याचाच, आमच्यातला सगळ्यात जुना प्रोग्रॅमर. तो म्हणाला, "तुमना घरनी चावी आमनापान शे, पन आम्ही घरमा शिरत नही."

भाऊंनी मांडीवर थाप मारली. "आते कशी समजनी! मंग त्यासले इचारा, चावी ठेवतस कसाले?"

अशा रीतीने मी अहिराणी शिकले. इतर मुली नोकरीत इंग्रजी सुधारतात, मी हे सुधारत होते. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "पगार तरी देतो ना तो माणूस वेळेवर?"

पगार वेळेवर व्हायचा. धुळ्यात देवपूरला, एका पिठाच्या चक्कीवर आमची लहानशी कंपनी होती. दवाखाने, पतपेढ्या, दूध संस्था, कापसाच्या जिनिंग, जे येईल त्यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. चक्की सुरू झाली की टेबलं हलायची आणि पिठाची बारीक भुकटी खालून वर येऊन कीबोर्डात बसायची. दर शनिवारी रंगाऱ्याचे ब्रश घेऊन आम्ही सगळे कीबोर्ड झाडायला बसायचो. त्यातही भाऊ पुढे. उंच, काळेसावळे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पुण्यात चांगल्या पगाराची नोकरी होती, ती सोडून आलेले. का आलात, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "पुण्यात माझं मत कोणी विचारत नव्हतं." हे मात्र मला खोटं वाटतं, कारण भाऊंनी मत द्यायला कोणाच्या विचारण्याची वाट पाहिलेली मी कधी बघितली नाही.

त्यांची सगळी मतं बरोबर निघत असंही नाही. मोबाइलवरून पैसे द्यायची पद्धत आली तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं की हे धुळ्यात चालणार नाही, इथला माणूस नोट उजेडात धरून पाहिल्याशिवाय खिशात घालत नाही. पुढे पाचकंदीलच्या बाजारात भरताच्या वांग्यांच्या ढिगावर एका म्हातारीने तो चौकटींचा कागद काडीला लावून खोचलेला दिसला. भाऊ तिच्यासमोर थबकले, हसले आणि गरज नसताना दोन किलो वांगी घेऊन ऑफिसात आले. "हारनू भो मी," म्हणाले, आणि वांगी आम्हाला वाटून टाकली. हरलेलं इतक्या मोकळेपणाने कबूल करणारा मालक मी पुन्हा पाहिला नाही.

'मी सहमत आहे' या बटणावर त्यांचा विशेष राग. पानभर बारीक अक्षरं आणि खाली एकच बटण, याला ते संमती मानायला तयार नसत. माहितीच्या कायद्याबद्दल काही छापून आलं की हा विषय निघायचाच. मला म्हणायचे, "तुमच्याकडे लग्नात अंतरपाट धरतात ना, ताई? तेवढा तरी वेळ द्या माणसाला." तसाच राग 'क्षमस्व, काहीतरी चूक झाली आहे' या वाक्यावर. "काहीतरी म्हणजे काय? कोनी चूक शे ते सांग ना! काउंटरवरली बाईनी का मशीननी?" आमच्या एकाही सॉफ्टवेअरमध्ये ते वाक्य नव्हतं. काय चुकलं, कोणाकडून चुकलं आणि आता कोणाला फोन करायचा, हे तिन्ही पडद्यावर आलंच पाहिजे. त्यामुळे शिरपूरच्या पतपेढीतला कारकून पडद्यावरचा नंबर बघून थेट मला फोन लावायचा आणि आधी माझं जेवण झालं का ते विचारायचा.

आमच्याकडे एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच कंपनीत पाहिली नाही. नवीन काम तयार झालं की ते गिऱ्हाइकाकडे नेऊन तिथल्याच माणसाला वापरायला द्यायचं आणि ज्याने ते केलं त्याने मागे उभं राहायचं, तोंडात पाण्याचा घोट धरून. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. म्हणजे "नाही हो ताई, वरचं बटण, वरचं" असं सांगायची सोयच राहू नये. समोरची बाई भलतीकडे बोट नेतेय, तुमचे डोळे विस्फारलेत, गाल फुगलेत आणि भाऊ कोपऱ्यात शांतपणे बसलेत. इरफान एकदा एका दूध संस्थेत न राहवून बोलला आणि सेक्रेटरींच्या कागदांवर फवारा उडाला. "ज्या सॉफ्टवेअरला शेजारी उभा राहून सांगणारा माणूस लागतो, ते अजून झालेलं नाही," असं भाऊंचं म्हणणं. हे मी आजही मानते, पाणी मात्र धरत नाही.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. एक गोष्ट तशी नव्हती. भाऊंच्या ऑफिसात आडनाव नव्हतं. दारावरच्या पाटीवर सगळ्यांची नुसती नावं. मुलाखतीला मी माझं नाव सांगायला लागले तर मध्येच थांबवून म्हणाले, "आडनाव राहू द्या, ताई. कामाला लागलं तर मागून घेऊ." ते त्यांनी कधी मागितलं नाही. स्वतःचंही कधी उच्चारलं नाही. मला ते ठाऊक होतं ते केवळ कंपनीच्या सरकारी कागदांवरून. बाहेर कोणी "यशवंतराव, पुढे काय?" असं विचारलं की म्हणायचे, "पुढे काय, तुम्ही बोला."

शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यात, बौद्धवाड्यात ते वाढले. त्यांच्या आई भागाबाई आणि वडील तुकाराम, दोघंही दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. शाळेत नवे गुरुजी आले की वर्गात आडनावं विचारत आणि मग कोण कुठे बसणार ते आपोआप ठरत जाई. हे भाऊ फार बोलत नसत. बोलायचे ते कॉम्प्युटरबद्दल. तालुक्याच्या गावी पहिल्यांदा त्याच्यापुढे बसले तेव्हा मास्तरांनी सांगितलं, नाव टाइप कर. यांनी 'यशवंत' टाइप केलं आणि बटण दाबलं. खालच्या ओळीत नुसती रेघ लुकलुकत राहिली. "त्याने पुढचं काही विचारलंच नाही, ताई. मी वाट बघत बसलो, आता विचारेल, मग विचारेल. ते म्हणे, बोल, काय करू?" एवढं सांगताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा आणि मग स्वतःच्या बोलीत म्हणायचे, "मशीनले आडनाव समजत नही. बठ्ठासले सारखंच वळखस." सगळ्यांना सारखंच ओळखतं.

म्हणून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आडनावाचा रकाना नसायचा. पतपेढ्यांना कायद्याने लागायचं, तिथे भाऊंचा नाइलाज होता. दवाखान्यांत मात्र कोणी मागितलं की विचारत, "आडनावाने ताप मोजता येतो का?" नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव आणि वय, एवढ्यावर भागवायचं. मला पहिल्यांदा हा हट्ट वाटला. मग एकदा अशाच एका दवाखान्यात मी दिवसभर बाकावर बसून बघितलं. तिथे अजून कागदावर नोंद चालायची. नाव सांगून झालं की काही लोकांना काउंटरवरचा माणूस "बसा ना" म्हणायचा आणि काहींना नाही. माझ्या आडनावाला जन्मभर "बसा ना" मिळत आलं होतं, म्हणून ते मला कधी ऐकूच आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी भाऊंच्या बाजूची झाले.

दोंडाईच्याच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं काम आम्ही केलं, ते आमचं सगळ्यात देखणं काम होतं. त्यात भाऊंनी स्वतः एक युक्ती घातली होती. एकाच पेशंटची दोनदा नोंद व्हायची आणि जुनी माहिती हरवायची, ही सगळ्या दवाखान्यांची रड. म्हणून नवीन नाव घातलं की सॉफ्टवेअर आधीच्या नावांशी ताडून बघायचं आणि विचारायचं, 'हा पेशंट आधी येऊन गेला आहे. तोच ना?' हो म्हटलं की जुनी सगळी माहिती समोर. पाण्याचा घोट धरून मीच उभी होते. तिथली नर्स एकदाही अडली नाही, तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. येताना भाऊंनी आम्हाला शेवभाजी खाऊ घातली.

वर्षभराने एका सकाळी, चहा यायच्या आधीच, डॉक्टरीणबाईंचा फोन आला. भाऊ नुसतं "हो, हो" म्हणत राहिले आणि मग त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

झालं होतं ते असं. जवळच्याच एका खेड्यातली सुनंदा नावाची बाई ताप आणि छातीत भरलेला कफ घेऊन पहिल्यांदाच त्या दवाखान्यात आली होती. नवऱ्याचं नाव रमेश. त्याच खेड्यातली, जवळजवळ त्याच वयाची आणखी एक सुनंदा तिथे आधी येऊन गेली होती. तिच्याही नवऱ्याचं नाव रमेशच. जुनी पाटलांच्या गल्लीतली, ही बौद्धवाड्यातली. आडनावं अगदी वेगळी, पण ती आमच्याकडे नव्हतीच. सॉफ्टवेअरने विचारलं, तोच ना? काउंटरवरच्या मुलीने हो म्हटलं. नव्या सुनंदेपुढे जुनीची माहिती उघडली, तीत लिहिलेलं की अमुक इंजेक्शन आधी दिलं आहे, त्रास नाही. म्हणून ते चाचणी न करता दिलं. या सुनंदेला ते चालत नव्हतं. अंगावर गांधी उठल्या, घसा सुजला, श्वास कोंडला. डॉक्टरीणबाईंनी धावपळ करून तो परत आणला, पण ती अजून शुद्धीवर नव्हती.

आम्ही तशीच गाडी काढून दोंडाईच्याला निघालो. भाऊ, इरफान आणि मी. वाटेत नरडाण्याजवळ इरफान म्हणाला, "भाऊ, ती मुलगी नीट विचारती तर झालं नसतं." भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "प्रश्न मी लिहिला होता, इरफानदादा. 'तोच ना?' असं विचारलं की माणूस हो म्हणतो. मलाच हो ऐकायचं होतं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरच्यांना मी सिस्टीममध्ये काही तरी गडबड झाली एवढंच सांगितलंय. तुम्ही आता जास्त काही बोलू नका." त्या बाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. भाऊ त्यांना नमस्कार करून सरळ आत गेले. सुनंदा ऑक्सिजन लावून पडलेली. तिची सासू पलंगाच्या दांडीला धरून उभी होती.

"तुम्ही कोन शेतस?" तिने विचारलं.

"हाऊ कॉम्प्युटर शे ना, माय, त्यानं काम मन्हं शे. तुमनी सूनले चुकीनं इंजेक्शन दिनं, ती चूक मन्ही शे."

सासूने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता ही हात उगारते. ती म्हणाली, "चूक मंग दखू. आते बठा आठे. मन्हा पोऱ्या औषध लेवाले जायेल शे, मले एकलीले भेव वाटस." आणि तिने भाऊंसाठी स्टूल ओढलं. भाऊ त्या स्टुलावर बसले ते संध्याकाळी सुनंदेने डोळे उघडेपर्यंत उठले नाहीत. चहा आणला तर घेतला नाही. माणूस जगतो की नाही याची वाट बघणं काय असतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. देव न मानणारे भाऊ मनात कोणाला काय सांगत होते कोण जाणे.

सुनंदा वाचली. आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती ती. आवाज अजून बसलेला, पण वर्गात घुमणारा आवाज असणार हे कळत होतं. भाऊंनी पुन्हा सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "भाऊ, मी तठे पुरं नाव सांगं व्हतं. तुमना मशीननी आर्धंच लिखं. काबरं?"

भाऊंनी त्यांचं नेहमीचं सांगितलं. आडनाव पाहून माणसाची नजर बदलते, वागणं बदलतं, म्हणून आम्ही ते ठेवलंच नाही. हे मी शंभर ठिकाणी ऐकलं होतं आणि ऐकणारे गप्प होताना पाहिले होते. सुनंदा गप्प झाली नाही. ती म्हणाली, "बदलू द्या ना नजर. ते त्यासनं पाप शे. मी वर्गम्हा रोज हजेरी लेस, पोरेसनं पुरं नाव लेस, मोठा आवाजम्हा. आमना पोरेसले नाव सांगाले लाज वाटाले नको म्हनीसन." मग जरा दम घेऊन, "मन्हा बापनी कधी दपाडं नही, भाऊ. तुम्ही काबरं दपाडतस?"

माझ्या बापाने कधी लपवलं नाही, तुम्ही का लपवता. भाऊंकडे प्रत्येक गोष्टीवर मत असायचं. या प्रश्नावर नव्हतं. सासूने विषय बदलला आणि आम्हाला जेवून जायचा आग्रह केला.

त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी जगाची बातमी झाली नाही. चहा यायचा, सगळे आपापल्या टेबलावर प्यायचे. मला तो काळ फार जड गेला. डॉक्टरीणबाईंनी सरळ निरोप दिला होता, आडनावाचा रकाना घाला, नाहीतर दुसरीकडून काम करून घेते. बाकीच्या दवाखान्यांनाही ही हकीकत भाऊंनी स्वतः फोन करून सांगितली होती, कोणी विचारलेलं नसताना, आणि तेही आता तेच मागत होते. इरफान रकाना घालायच्या विरुद्ध होता. "भाऊ, एकदा आडनाव आलं की काउंटरवर कोणाला 'बसा' म्हणायचं तेपण आलं," असं तो कळकळीने म्हणायचा. त्याला त्याच्या नावामुळे धुळ्यात भाड्याचं घर मिळताना काय झालं होतं, ते आम्हाला माहीत होतं. मी म्हणायचे, बाई मरता मरता वाचली, यापुढे काय राहिलं बोलायला? दोघांचंही खरं होतं आणि भाऊ दोघांचंही ऐकून घ्यायचे.

शेवटी एका सोमवारी ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला. कितीतरी वर्षांत त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला नव्हता. दोन बोटांनी, पुटपुटत, मधूनमधून मला विचारत ते लिहीत राहिले. नाव, नवऱ्याचं नाव असे सगळे तुकडे त्यांनी काढून टाकले आणि त्या जागी एकच लांब चौकट ठेवली. तिच्यावर लिहिलं, 'पूर्ण नाव, तुम्ही सांगता तसं.' आईचं लावा, बापाचं लावा, आडनाव लावा की नका लावू, सांगणारा सांगेल ते आणि तेवढं. जोडीला फोटो आणि जन्मसाल. बाहेर बसलेल्यांना हाक मारायची ती चिठ्ठीवरच्या नंबरने. आणि जुन्या नावाशी जुळणी झाली तर 'तोच ना?' हा प्रश्न गेला. त्या जागी पडदा अडून राहायचा. पेशंटला विचारा, याआधी कधी आला होता, कशासाठी आला होता, आणि उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"भाऊ, इथे लोक अडतील," मी म्हटलं.

"अडू द्या. आजपर्यंत मी तुम्हाला एवढंच शिकवलं की कुठे अडायला नको. कुठे अडलंच पाहिजे, ते शिकवायचं राहिलं होतं."

इरफानने ते बघून मान हलवली, पूर्ण पटल्यासारखी नाही, पण हलवली. डॉक्टरीणबाईंनी काम आमच्याकडेच ठेवलं. शिरपूरच्या एका दवाखान्याने सोडलं, त्यांना नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन वेगळे रकानेच हवे होते. त्या सोमवारनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी भाऊंनी खुर्ची भिंतीला टेकवली आणि बातमी मागितली. पण 'मशीनले आडनाव समजत नही' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

मग तो सगळीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा गजर सुरू झाला. रोज तीच बातमी, रोज नवी कंपनी. आमची पोरं घाबरलेली, आता आपलं काम जाणार. भाऊंनी एक दिवस तसल्या एका यंत्राशी तासभर अहिराणीत गप्पा मारल्या. ते धडाधड उत्तरं देत होतं, निम्मी चुकीची, पण आवाजात काही कमी नव्हतं. भाऊ खूश झाले. "हाऊ तर मन्हाच भाऊ शे," म्हणाले. "माहीत नसलं तरी मत देतो." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, याला कामाला जरूर लावा, पण स्टुलावर बसायची वेळ आली तर कोण बसणार ते आधी ठरवा. कंपन्यांनी आणि सरकारने तेवढं एक ठरवलं तरी निम्मे कायदे झाले. अहिराणीत सांगायची गरज पडली नाही, सगळ्यांना कळलं.

गेल्या वर्षी, दुपारी जेवण झाल्यावर, भाऊ खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. शर्ट घामाने ओला झाला होता. चक्कीवाल्याच्या गाडीतून मी आणि इरफानने त्यांना धुळ्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात नेलं. चाकाच्या खुर्चीवर बसवलं, नाकाला नळी लावली. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"यशवंत," मी म्हटलं आणि थांबले. इतक्या वर्षांची सवय. पुढचं मी कसं सांगणार?

"पुढे?"

भाऊंनी नळी बाजूला केली. इरफान "भाऊ, बोलू नका" म्हणत होता, त्याचा हात त्यांनी सारला. "यशवंत भागाबाई तुकाराम बैसाणे," ते म्हणाले. "पुरं लिखा, ताई."

मुलीने टाइप केलं, थांबली, पुन्हा केलं. "काका, एवढं बसत नाही हो यात."

"मंग तुमना रकाना लहान शे," भाऊ म्हणाले. "नाव नही."

ती मुलगी हसली. कुठे तरी खाली, इतर माहितीच्या जागेत, तिने ते सगळं बसवलं आणि वाचून दाखवलं. भाऊंनी मान हलवली आणि मग त्यांना आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्यांना पोचवायला खूप माणसं आली होती. सुनंदाबाई सासूला घेऊन आल्या होत्या, शिरपूरचा पतपेढीवाला आला होता. सगळे रडत होते आणि मी कोरडी उभी होते. माझं रडून झालं होतं, आदल्या दुपारी त्या काउंटरपाशी. भाऊंच्या तोंडून त्यांचं पूर्ण नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते आणि श्वास पुरत नसताना त्यांनी ते एवढ्या मोठ्याने घेतलं होतं की बाकांवर बसलेली सगळी माणसं वळून बघायला लागली होती.